पेनल्टी कोणी मारायची?

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. म्हणजे ज्यांना कळतं ते पान उलटून पुढं जातील आणि ज्यांना कळत नाही ते मला आपला माणूस समजून थांबतील. बावीस जण एकाच चेंडूमागं जिवाच्या आकांतानं धावण्यापेक्षा प्रत्येकाला एकेक चेंडू देऊन का टाकत नाहीत, हा जुना विनोद मी आजवर तीनदा केला आहे आणि तिन्ही वेळा मला एकट्यालाच हसावं लागलं आहे.

माझा प्रांत वेगळा. मी बी.कॉम. आणि बँकेत क्लार्क. ज्या गोष्टीला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात आणि संध्याकाळी दोन्हींची बेरीज सारखी यावी लागते, तेवढीच गोष्ट मला कळते. सारखी आली की मी घरी जातो. नाही आली की बँकेत बसतो. गेली वीस वर्षं माझं आयुष्य या दोन वाक्यांत आहे.

आमच्या चिरंजीवांचं मात्र तसं नाही. त्याचा देह आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये असला तरी आत्मा स्पेनमध्ये असतो. अंगात निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा बार्सिलोनाचा सदरा. तो धुवायला मागितला, की आपलं सोवळं कोणी विटाळायला निघाल्यासारखं तो बघतो. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडं ऐन साखरझोपेच्या सुमाराला असतात. एकदा असाच रात्री दीड-दोनला तो किंचाळला. आमची ही दचकून उठली आणि तिनं अंधारातूनच विचारलं, "काय झालं रे?"

"ला लीगा, आई! ला लीगा!"

"कुठं लागलं? दाखव बघू."

हळदीचा डबा घेऊन ती बाहेर येईपर्यंत दुसरा गोल झाला होता.

तर ला लीगा म्हणजे स्पेनमधली फुटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा. वीस संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. आपल्याकडं व्याही एकमेकांकडं जातात तसं, फक्त तिकडं लाथा उघडपणे मारतात. एकूण अडतीस सामने. फायनल म्हणून वेगळी मॅच नाही. उन्हाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत खतावणी चालू आणि शेवटी ताळेबंद. ज्याच्या खात्यावर गुण जास्त, तो विजेता. हे ऐकल्यावर मला त्या खेळाविषयी प्रथमच आदर वाटला. गेले वर्षभर काय काय केलंत ते सगळं मोजलं जाईल, असं सांगणारा खेळ म्हणजे खेळ नव्हे, तो ऑडिटच.

हा माझा आदर चिरंजीवांच्या लक्षात आला असावा. एका रविवारी सकाळी मी दाढी करत असताना तो मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, हे बघा, तुमच्या लायनीचं आहे." तो एक गुणांचा तक्ता होता. साल १९९३-९४. पहिल्या दोन ओळी अशा होत्या : बार्सिलोना, २५ जिंकले, ६ बरोबरीत, ७ हरले, गुण ५६. देपोर्तिवो ला कोरुन्या, २२ जिंकले, १२ बरोबरीत, ४ हरले, गुण ५६.

त्या काळी तिकडं विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक असा हिशेब होता. मी गालाला फेस असतानाच पडताळा घेतला. पंचवीस दुणे पन्नास अधिक सहा, छप्पन्न. बावीस दुणे चव्वेचाळीस अधिक बारा, छप्पन्न. नऊ महिन्यांच्या घडामोडी आणि दोन्ही बाजूंना छप्पन्न! मला भरून आलं. "वा! टॅली झालं की. मग सगळे वेळेवर घरी गेले असतील."

"घरी कसले जातात? बार्सिलोना चॅम्पियन झाली. गुण सारखे झाले, की त्या दोघांच्या आपापसातल्या मॅचेस बघतात. त्यात बार्सिलोनाचे गोल जास्त होते." मग त्यानं सदऱ्याची कॉलर ताठ केली. "आणि गुण सारखे का झाले माहितेय? जुकिचमुळं. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी घालवली त्यानं. एका माणसानं अख्खी लीग घालवली."

असं म्हणून त्यानं मला ती पेनल्टी दाखवली. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं चित्र. तो हसला. मी म्हटलं, "परत लाव." त्यानं परत लावलं. मी म्हटलं, "परत." चौथ्या वेळेला माझ्या गालावरचा फेस वाळला आणि चिरंजीव काळजीनं माझ्याकडं बघू लागले.

ती गोष्ट मी नंतर त्याच्याकडून आणि इकडून तिकडून नीट समजून घेतली. ती अशी.

स्पेनच्या वायव्येला, अटलांटिकच्या काठाला ला कोरुन्या नावाचं बंदर आहे. वस्ती अडीच लाखांच्या आसपास. पाऊस भरपूर. रोमनांनी बांधलेला दीपस्तंभ अजून उभा, अजून पेटता. गावाचा संघ देपोर्तिवो. त्याचं मैदान रियाझोर नावाच्या समुद्रकाठच्या पुळणीला लागूनच आहे. १९७३ मध्ये हा संघ पहिल्या वर्गातून खाली घसरला तो अठरा वर्षं वर आलाच नाही. अठरा वर्षं म्हणजे गावातलं एखादं पोर जन्मून, शिकून, मिसरूड फुटेपर्यंत त्यानं आपला संघ वरच्या वर्गात पाहिलेलाच नाही. १९९१ मध्ये संघ वर आला. शिक्षक म्हणून जवळच्याच आर्तेशो गावचे आर्सेनियो इग्लेसियास. साठी उलटलेले, पांढऱ्या केसांचे. लोक त्यांना आर्तेशोचा मांत्रिक म्हणत. पुढं ब्राझीलहून बेबेटो आणि मावरो सिल्वा आले आणि ज्या गावानं कधी विजेतेपदाचं स्वप्नसुद्धा पाहिलं नव्हतं, त्या गावाचा संघ १९९३-९४ मध्ये बार्सिलोनाच्या पुढं जाऊन बसला.

बार्सिलोना म्हणजे मोठी पेढी. योहान क्रायफ शिक्षक, रोमारिओ गोल करायला. त्या मोसमात एकट्या रोमारिओनं ३० गोल केले आणि संघानं ९१. देपोर्तिवोनं केले ५४. मग तो पुढं कशाच्या जोरावर? तर बचतीच्या. अडतीस सामन्यांत त्यांच्यावर गोल झाले फक्त १८. आमच्यासारख्यांना हे लगेच समजतं. एकाचं उत्पन्न दांडगं आणि दुसऱ्याचा खर्च कमी. महिनाअखेर दोघांच्या हातात सारखंच. आणि ही बचत करणाऱ्या बचावफळीतला भरवशाचा माणूस होता मिरोस्लाव्ह जुकिच. युगोस्लाव्हियातून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा. संघ दुसऱ्या वर्गात होता तेव्हापासूनचा.

शेवटच्या दिवशी, १४ मे १९९४ ला, देपोर्तिवो ५५ आणि बार्सिलोना ५४. देपोर्तिवोचा सामना आपल्या घरी, व्हॅलेन्सियाशी. जिंकले की संपलं. बार्सिलोनानं तिकडं पाच गोल करोत की पन्नास. व्हॅलेन्सियाला ना विजेतेपद मिळायचं होतं, ना खालच्या वर्गात जायची भीती होती. पण निवृत्तीच्या आदल्या दिवशी एखाद्याला कामाचा उत्साह चढावा, तसे ते खेळले. नव्वद मिनिटं होत आली तरी गोलफलक शून्य-शून्य. तिकडं बार्सिलोनानं सेव्हिलाला ५-२ नं हरवत आणलेलं. सगळा स्पेन कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेला. आणि अगदी शेवटच्या क्षणी देपोर्तिवोच्या नान्डोला गोलजवळ पाडलं गेलं. पेनल्टी!

आता पेनल्टी म्हणजे काय, तर गोलपासून अकरा मीटरवर चेंडू ठेवायचा, समोर फक्त गोलकीपर, आणि मारायचा. लांबून बघणाऱ्याला यापेक्षा सोपं काम जगात नाही. मारायची कोणी? नेहमी मारत असे तो डोनाटो. पण त्याला थोड्याच वेळापूर्वी मैदानाबाहेर बोलावून त्याच्या जागी दुसरा गडी घेतला होता. मग राहिला बेबेटो. संघातला सगळ्यांत मोठा खेळाडू, आदल्या मोसमात साऱ्या स्पेनमध्ये सर्वाधिक गोल केलेला. पण या मोसमात त्याच्या काही पेनल्ट्या हुकल्या होत्या. तो पुढं आला नाही. बाकीचेही आले नाहीत. पुढं आला जुकिच. ज्याचं काम गोल करणं नव्हेच, गोल होऊ न देणं, तो.

चित्रात दिसतं ते एवढंच. तो चेंडू ठेवतो. एक मोठा श्वास सोडतो. धावतो. मारतो, आणि चेंडू इतका हळू जातो, की जणू मधेच त्याचाही विचार बदलला. गोलकीपर गोन्झालेझ तो पकडून घेतो आणि मुठी आवळून असा नाचतो, की त्या आनंदाचा हिशेब स्पेनमध्ये लोक पुढं कित्येक वर्षं लावत बसले. शिट्टी. छप्पन्न-छप्पन्न. बार्सिलोना विजेती.

"एका माणसानं अख्खी लीग घालवली," चिरंजीव पुन्हा म्हणाले.

इथं माझ्यातला क्लार्क जागा झाला. मी दाढी तशीच सोडली आणि कागद-पेन्सिल घेतली.

"हे बघ," मी म्हटलं, "बँकेत तूट सापडते संध्याकाळी, पण होते दुपारीच. शेवटच्या व्हाउचरला जो बसलेला असतो त्याच्याकडं सगळे बघतात, कारण तो समोर असतो. म्हणून तूट त्याची होत नाही. देपोर्तिवोचे बरोबरीत सुटलेले सामने बारा. त्यातला हा शेवटचा सोडला, तर आधीचे अकरा. त्या अकरांतल्या कुठल्याही एका सामन्यात, एखाद्या पावसाळी संध्याकाळी, कोणीही एक चेंडू जाळ्यात घातला असता, तर ही पेनल्टी मारायचं कारणच पडलं नसतं. ते अकरा दिवस कुणाच्या नावावर टाकलेत?"

चिरंजीव गप्प.

"आणि आणखी एक. हल्ली विजयाला किती गुण?"

"तीन. स्पेनमध्ये १९९५-९६ पासून तीन."

"मग मांड. बार्सिलोना पंचवीस त्रिक पंचाहत्तर अधिक सहा, ८१. आणि देपोर्तिवो? समज, जुकिचनं पेनल्टी मारली आणि गोल झाला. मग विजय तेवीस, बरोबरी अकरा. तेवीस त्रिक एकोणसत्तर अधिक अकरा, ८०. ८१ आणि ८०! म्हणजे हाच नियम दोन वर्षं आधी आला असता, तर पेनल्टी आत जाऊनसुद्धा लीग गेलीच असती आणि जुकिचला आयुष्यात कोणी एक शब्द बोललं नसतं. माणूस तोच, गाव तेच. फक्त गुणाकार दोननं करायचा की तीननं, यावर एका माणसाचं पाप ठरलं."

आकडेमोड करून मी एखादी गोष्ट सिद्ध केली, की आमच्या घरात सहसा चहा मिळतो. तसा तो आला. मी विजयी मुद्रेनं बशीत ओतत होतो, तेवढ्यात चिरंजीवांनी सहज विचारलं, "ते ठीक आहे बाबा. पण तुम्ही तिथं असता, तर मारली असती पेनल्टी?"

"मी? मला कुठं फुटबॉल येतो?"

"येत असता तर?"

चहा फार गरम आहे, असं मी हिला सांगितलं. तो गरम नव्हता.

त्याचं असं आहे. माझी एक पेनल्टी आहे. ती मी मारली नाही, म्हणून ती कुठल्याही तक्त्यात नाही.

नोव्हेंबर २०१६. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. नऊला बँका बंद आणि दहाला उघडणार. दहाच्या सकाळी आमच्या शाखेबाहेर रांग इतकी होती, की तिचं शेपूट पुढच्या चौकातल्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलं होतं. माणशी चार हजार बदलून द्यायचे. आमचे हेड कॅशियर, म्हणजे आमचे डोनाटो, मुलीच्या लग्नासाठी रजेवर. त्यांच्यानंतर कॅशचा अनुभव असलेला माणूस मी. मॅनेजरसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "एक्सचेंजच्या काउंटरवर कोण बसतंय?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या कॅशमध्ये साडेतीन हजार कमी आले होते. ते मी भरले. पण पैशांपेक्षा हात गेला. त्यानंतर नोटा मोजताना माझं बोट शंभराव्या नोटेला अडखळू लागलं. बेबेटो त्या संध्याकाळी मनात काय म्हणत होता ते तोच जाणे. पण आदल्या हुकलेल्या पेनल्टीचं ओझं किती असतं, याचा मला अंदाज आहे. ते साधारण साडेतीन हजारांच्या सुट्ट्या नाण्यांएवढं असतं.

तर साहेबांनी विचारलं आणि माझी कंबर दुखू लागली. तशी ती आधीही दुखत असे, पण साधारणपणे मार्चअखेरीला. त्या दिवशी तिनं चार महिने आगाऊ दुखायला घेतलं. मी कंबरेवर हात ठेवला. दुसऱ्यानं चष्मा पुसायला घेतला. तिसऱ्यांना अचानक आठवलं, की लॉकरची एक पार्टी येणार आहे. आणि नोकरीला लागून पुरतं वर्षही न झालेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मी बसतो सर."

तो दिवसभर बसला. जेवायला उठला नाही. लोक ओरडत होते, काच बडवत होते. म्हाताऱ्या बायकांना तो स्वतः फॉर्म भरून देत होता. दोन हजारांच्या नव्या गुलाबी नोटा. कोऱ्या करकरीत, एकीला एक चिकटलेल्या. रात्री टॅलीला बारा हजार कमी. सहा नोटा. सहा माणसांना एकेक नोट जास्त गेली होती, आणि त्या रांगेतून सहा माणसं शोधायची म्हणजे समुद्रातून सहा थेंब परत आणायचे.

कॅशची तूट कॅशवर बसणाऱ्यानं भरायची, हा नियम. त्यानं कोपऱ्यात जाऊन वडिलांना फोन लावला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण त्याची पाठ दिसत होती. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. आपण वर्गणी काढू, असं ठरलं. ठरलं म्हणजे बोललं गेलं. पुढं गर्दी इतकी वाढली, की ते राहून गेलं. आणि एकदा राहिलेली वर्गणी पुन्हा काढायला घेतली, तर इतके दिवस का काढली नाही, याचा खुलासा द्यावा लागतो, म्हणून ती राहिलीच. मी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक वाक्य बोललो होतो. वडीलकीच्या सुरात, अनुभवी माणसासारखं. म्हणालो, "जपून मोजायचं असतं रे."

त्या दोन हजारांच्या नोटाही २०२३ मध्ये चलनातून मागं घेण्यात आल्या. माझं वाक्य तेवढं अजून चलनात आहे. रात्री-अपरात्री ते कधीही माझ्या काउंटरला येतं आणि मी ते नाकारू शकत नाही.

वीस वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रानं कळलं. आमच्या धंद्यात व्हाउचर निघतं ते केलेल्या गोष्टीचं. न केलेल्या गोष्टीचं व्हाउचर निघत नाही. जुकिचनं मारली, हुकली, नोंद झाली. तारीख, मिनिट, सगळं. जे पुढं आले नाहीत त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची? तसा रकानाच छापलेला नसतो. जगाची कीर्दच अशी आखलेली आहे, की जो उठतो त्याच्याच नावावर तूट पडते आणि जो बसून राहतो त्याचं खातं स्वच्छ. माझं सर्व्हिस रेकॉर्ड अतिशय स्वच्छ आहे, हे मी इथं नमूद करतो.

म्हणजे बेबेटोनं पाप केलं का? मला तसंही म्हणवत नाही. आपला पाय आज लटपटतोय हे ओळखून बाजूला होणं, यातही एक प्रामाणिकपणा असेल. माझ्या बोटांवर माझाच भरवसा नव्हता, ही गोष्ट खरी होती. न उठणं हा गुन्हा नाही. पण न उठलेल्यानं उठलेल्याला शहाणपण शिकवणं, याला मात्र माझ्याकडं कुठलाच बचाव नाही. बेबेटो जुकिचला नंतर काय म्हणाला हे मला ठाऊक नाही. 'जपून मारायची असते रे' असं तो म्हणाला नसावा, अशी माझी आशा आहे.

पुढं काय झालं ते चिरंजीवांनीच सांगितलं. त्या लीगनंतर चारच दिवसांनी युरोपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाला मिलाननं ४-० नं धुतलं. दोन महिन्यांनी, १७ जुलैला, ब्राझील विश्वविजेता झाला; इटलीच्या बाज्जोनं शेवटची पेनल्टी उंच उडवली म्हणून. त्या विजेत्या संघात रोमारिओ होता आणि बेबेटोही होता. बेबेटोवर त्या दिवशी पेनल्टी मारायची पाळी आलीच नाही. पुढं २००० साली देपोर्तिवोनं अखेर लीग जिंकली. शेवटच्या सामन्यात, त्याच रियाझोरवर, तिसऱ्याच मिनिटाला पहिला गोल केला तो डोनाटोनं, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. आणि जुकिच? तो १९९७ मध्ये व्हॅलेन्सियाला गेला होता. हो, त्याच व्हॅलेन्सियाला. आणि २००१-०२ मध्ये व्हॅलेन्सिया विजेती झाली, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर होती देपोर्तिवो.

"बघा बाबा, शेवटी टॅली झालं," चिरंजीव म्हणाले.

झालं खरं. पण मला दैवाच्या पासबुकावर फार विश्वास नाही. ते नोंदी उशिरा करतं आणि व्याज भलत्याच्याच खात्यावर टाकतं. शिवाय २००२ मध्ये कप उचलला, म्हणून १९९४ ची ती रात्र परत येत नाही. ती रात्र त्यानं कोणाच्या तरी सोबतीनं काढली असेल की एकट्यानं, हे गुणतक्त्यात नसतं.

त्या रविवारी दुपारी मी धीर करून त्या मुलाला फोन लावला. तो आता परीक्षा देऊन अधिकारी झाला आहे, दुसऱ्या गावच्या शाखेत. हुद्द्यानं माझ्या वर. मी इकडचं तिकडचं बोललो, कंबरेचं विचारलं त्यानं, मी बरी आहे म्हणालो. मग सांगितलं, "अहो, ते नोटबंदीचे बारा हजार. माझा वाटा द्यायचा राहिलाय." मी चार जणांत भागून तीन हजार काढून ठेवले होते, बचत खात्याच्या दरानं व्याजही धरलं होतं.

तो हसला. "ते कधीच फिटलं हो सर. बाबांनी दिले होते. पैशांचं काही नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "त्या दिवशी रात्री स्टेशनपर्यंत चालत गेलो, तेव्हा वाटलं होतं, कोणीतरी बरोबर यायला हवं होतं."

मी म्हटलं, "हो." याहून मोठं उत्तर मला सुचलं नाही. व्याजाचा कागद मी खिशात घातला.

मागच्या महिन्यात आमचे हेड कॅशियर आजारी पडले. पगाराचा पहिला आठवडा, पेन्शनरांची गर्दी. मॅनेजरसाहेब बाहेर आले आणि म्हणाले, "कॅशवर कोण बसतंय?" शाखेत एकाएकी सगळ्यांचे चष्मे मळले. माझा हात वर गेला. आता तो निश्चयानं गेला की कंबर ताणायला गेला, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण साहेब "छान!" म्हणाले आणि माघार घ्यायला वेळ राहिला नाही. जुकिचचंही कदाचित असंच झालं असेल.

दिवसभर मोजलं. बोट दोनदा अडखळलं. संध्याकाळी टॅली केली, तर दहा रुपये कमी. दहा! मी पाकिटातून दहाची नोट काढली आणि अशा थाटात ट्रेमध्ये टाकली, की स्पेनच्या राजाला नजराणा देतोय. इतकी स्वस्त पेनल्टी जगात कोणी हुकवली नसेल.

तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरचे आमचे मित्र, दिवसभर लॉकरच्या पार्टीची वाट बघत बसलेले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जपून मोजायचं असतं हो."